टॅबच्या पुस्तकावरून प्रोग्रेसिव्ह रॉकचा बेस शिकताना : नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

गिटार शिकवणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. बेस शिकवणारे शोधावे लागतात, आणि त्यातून प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक आणि विषम मात्रांची रॉक गाणी, वाजवणारा भेटला तर नशीबच म्हणायचं. त्यामुळे बहुतेकांसाठी टॅबचं पुस्तकच गुरू ठरतं. टॅब म्हणजे तारांच्या रेषा काढून, कोणत्या फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांनी पाडलेल्या घराला) बोट ठेवायचं ते आकड्यांनी लिहिणं. खालचे प्रश्न कॉलेजातल्या मुलांचे आहेत, नोकरी सांभाळून वाजवणाऱ्यांचे आहेत, आणि एक-दोन त्यांच्या घरच्यांचेही आहेत. चार तारांचा बेस हातात आहे आणि साधी गाणी वाजवता येतात, असं धरून उत्तरं लिहिली आहेत.

पुस्तकात दिलंय तसंच्या तसं वाजवतो, तरी ते गाणं वाटत नाही. काहून?

कारण टॅब फक्त बोट कुठे ठेवायचं ते सांगतो. सूर कधी सुरू करायचा, किती लांबवायचा आणि नेमका कुठे तोडायचा, हे त्या आकड्यांत नसतं. ते असतं टॅबच्या वर छापलेल्या पाच रेषांत, म्हणजे स्टाफ नोटेशनमध्ये, आणि तिकडे कोणी बघत नाही.

बेसमध्ये सूर कुठे संपतो यावर सगळा डौल अवलंबून असतो. तिसऱ्या फ्रेटवरचा एक सूर अर्धी मात्रा धरला आणि उरलेली अर्धी मात्रा तार दाबून गप्प ठेवली, तर रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा तो छोटा तुकडा, उडी मारते. तोच सूर पुढच्या सुरापर्यंत तसाच वाजत राहू दिला, तर रिफ जमिनीवर पसरते. टॅबमध्ये दोन्हीकडे ३ हाच आकडा दिसतो. म्हणून पुस्तक उघडल्यावर आधी डाव्या हाताचा विचार बाजूला ठेवा. ओळीचा ताल तोंडाने म्हणा, शांततेच्या जागांसकट. तोंडाने म्हणता येत नसेल तर बोटांना येणार नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा.

म्हणजे स्टाफ नोटेशन पूर्ण शिकावं लागेल?

नाही. सूर टॅबवरून मिळतोच, तुम्हाला हवी आहे फक्त लांबी. अख्खा, अर्धा, पाव, आठवा आणि सोळावा सूर ओळखायचा, सुरापुढच्या टिंबाने लांबी दीडपट होते हे लक्षात ठेवायचं, एकाच उंचीच्या दोन सुरांना जोडणारी कमान म्हणजे दुसरा सूर पुन्हा वाजवायचा नाही हे समजून घ्यायचं, आणि विश्रांतीच्या खुणा पाठ करायच्या. रोज थोडा वेळ दिला तर एवढं सहज हाताखाली येतं. भातखंडे पद्धतीची स्वरलिपी ज्यांनी वाचली आहे, त्यांना तर मात्रेचे तुकडे पाडण्याची कल्पना नवी नाही.

एक गोष्ट माहीत असू द्या : बेसचे सूर लिहिताना एक सप्तक वर लिहितात. कीबोर्डवर ताडून बघताना सप्तक जुळत नाही म्हणून गोंधळू नका.

टॅबमधल्या तारा उलट्या का वाटतात?

सगळ्यात वरची रेषा म्हणजे सगळ्यात बारीक, जी ची तार. सगळ्यात खालची म्हणजे जाडी, ई ची. बेस मांडीवर घेऊन मान खाली घालून तारांकडे बघितलं की क्रम बरोबर तसाच दिसतो. आठवड्याभरात प्रश्न पडेनासा होतो.

७/८, ५/४, १०/८ असं काही आलं की हरवतो. मोजायचं कसं?

वरचा आकडा म्हणजे एका आवर्तनात किती मात्रा, खालचा म्हणजे मात्रेचा आकार. इथवर सगळ्यांना कळतं. अडतं ते पुढे, कारण लोक वेगात एक ते सात मोजत बसतात. वेग वाढला की जीभ अडखळते आणि जिभेमागोमाग बोटं.

सात कधीच सलग सात नसतात. ते दोन आणि तीनचे गट असतात. दोनाला ‘तक’ म्हणा, तिनाला ‘तकिट’. मग ७/८ एकतर ‘तकिट तक तक’ असेल, नाहीतर ‘तक तक तकिट’, नाहीतर ‘तक तकिट तक’. पुस्तकातल्या नोटेशनमध्ये आठव्या सुरांच्या डोक्यावर किंवा पायाशी जी जाड आडवी रेघ असते, ती बहुतेकदा हे गटच दाखवते. ती रेघ बघून गट ओळखा आणि पेन्सिलने वर ३-२-२ असं लिहून ठेवा.

हा एक तुकडा मुद्दाम सरावासाठी बांधला आहे, कुठल्याही गाण्यातला नाही :

जी |---------------|
डी |---२-४---२-----|
ए  |-२-----५---२-५-|
ई  |---------------|

सगळे सूर सारख्या लांबीचे, आठवे. पहिलं बोट दुसऱ्या फ्रेटवर ठेवलं की करंगळीला चौथी आणि पाचवी दोन्ही फ्रेट मिळतात. आधी ‘तकिट तक तक’ म्हणत वाजवा. जोर पडेल पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या सुरावर. हे नीट बसलं की तेच सात सूर ‘तक तक तकिट’ म्हणत वाजवा. आता जोर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या सुरावर गेला. टॅबमधला एकही आकडा बदलला नाही, पण ऐकणाऱ्याला ती दुसरीच रिफ वाटेल. पुस्तकावरून शिकणाऱ्याने नुसत्या आकड्यांवर विसंबू नये, ते यासाठी.

मेट्रोनोमचं, म्हणजे टिकटिक करून लय धरणाऱ्या यंत्राचं किंवा ॲपचं, म्हणाल तर सुरुवातीला प्रत्येक आठव्या सुरावर टिक ठेवा. मग फक्त आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. त्यानंतरचा टप्पा खरा कस लावणारा : टिक पाव सुरावर ठेवा, म्हणजे दोन आठव्या सुरांना एक. ७/८ च्या पहिल्या आवर्तनात टिक १, ३, ५, ७ वर येईल आणि दुसऱ्यात २, ४, ६ वर. दोन आवर्तनांनी पुन्हा जागेवर. हे न डगमगता पाच मिनिटं जमलं की ७/८ तुमच्या अंगात उतरलं.

मला तबल्यावरचा रूपक ताल येतो. मग सात मात्रांचं गाणं म्हणजे रूपकच ना?

अर्धं हो. रूपकाचे विभाग ३-२-२, त्यामुळे त्या गटाची रिफ तुम्हाला इतरांपेक्षा लवकर पकडता येईल. झपताल येणाऱ्याला दहा मात्रांची भीती वाटत नाही, तेही खरं. हा वारसा आपल्याला घरबसल्या मिळाला आहे, तो जरूर वापरा.

पण दोन ठिकाणी जपा. रूपकाची सम कालावर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर, आहे, ‘तीं तीं ना’ हलकं सुरू होतं आणि वजन नंतरच्या ‘धीं’वर येतं. रॉकमधली सात मात्रांची रिफ बहुधा पहिल्याच मात्रेवर, ड्रमच्या किकसोबत, धाडकन उतरते. रूपकाचं वजन मनात ठेवून वाजवलं तर रिफ उलटी वाटते. दुसरं म्हणजे विभाग तुमच्या ओळखीचे असतीलच असं नाही. टूल या बँडच्या २००१ सालच्या ‘स्किझम’ची मुख्य रिफ पाच आणि सात अशी चालते. बेरीज बारा, पण एकताल समजून दोन-दोनच्या सहा जोड्या मोजत गेलात तर दुसऱ्याच टाळीनंतर रिफ तुम्हाला सोडून पुढे गेलेली असेल.

रश या बँडच्या १९८१ सालच्या ‘वायवायझेड’ची सुरुवात तर मोर्स कोडवर आहे. टोरंटोच्या विमानतळाची ओळख असलेली ती तीन अक्षरं. मोर्समधला डॅश दोन सोळाव्यांचा धरा आणि डॉट एकाचा : वाय म्हणजे डॅश, डॉट, डॅश, डॅश, एकूण सात. पुन्हा वाय, आणखी सात. झेड म्हणजे डॅश, डॅश, डॉट, डॉट, एकूण सहा. सात, सात, सहा मिळून वीस सोळावे, म्हणजेच १०/८. पुस्तकात हे नुसतं १०/८ म्हणून छापलेलं असतं आणि बघून धडकी भरते. ७-७-६ असं म्हणून बघा, टाळी देत, दोनदा. भीती तिथेच संपते.

पैसे देऊन घेतलेल्या पुस्तकातही चुका असतात का?

असतात, आणि सुराच्या चुकांपेक्षा जागेच्या जास्त. कारण सरळ आहे. बेसवर एकच सूर अनेक ठिकाणी मिळतो. डी च्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला जो ई आहे, तोच ए च्या तारेवर सातव्या फ्रेटला आणि ई च्या तारेवर बाराव्या फ्रेटला आहे. लिहिणाऱ्याला रेकॉर्डिंगवरून सूर नक्की कळतो, पण वादकाचं बोट कुठे होतं ते त्याला ताडावं लागतं. कधी तो वाचायला सोपी जागा लिहितो, कधी हाताला सोपी.

पडताळायचं कसं, तर आवाजाच्या पोतावरून. जाड तारेवर वर चढून वाजवलेला सूर गोल आणि थोडा दबका येतो, बारीक तारेवर खाली वाजवलेला मोकळा आणि धारदार. मोकळ्या तारेचा सूर तर लगेच ओळखू येतो, कारण तो बोट उचललं तरी वाजत राहतो. ओळ तिन्ही जागी वाजवा आणि रेकॉर्डिंगशी ताडून बघा. मग हाताचा विचार करा : पुढच्या सुरासाठी पुस्तक एकदम सहा-सात फ्रेट उडी मारायला सांगत असेल आणि बाजूच्याच तारेवर तो सूर मिळत असेल, तर बहुतेक वेळा मूळ वादकानेही उडी मारलेली नसते. त्या बँडच्या मैफलीचं चित्रीकरण मिळालं तर हात बघूनच खात्री करता येते. जुनी गाणी मैफलीत वेगळी वाजवली जातात, तेवढं भान असू द्या.

पुस्तकात खाडाखोड करायला बिचकू नका. पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं पुस्तकच खरं वापरलेलं पुस्तक.

रेकॉर्डिंगमध्ये बेस ऐकूच येत नाही, ताडणार कशाशी?

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत असाल तर येणारच नाही. ई ची मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झवर आहे, ए ची ५५ वर. एवढासा स्पीकर तो मूळ कंप देऊच शकत नाही, तुम्हाला ऐकू येतात ते त्याच्या वरचे स्वरांश. तारेचे, कान झाकणारे हेडफोन घ्या. ब्लूटूथवर नुसतं ऐकायला हरकत नाही, पण सोबत वाजवायचं असेल तर आवाज उशिरा पोचतो आणि तुम्ही कायम मागे पडता.

तरीही ओळ धूसर वाटत असेल तर गाणं एक सप्तक वर चढवणारं ॲप वापरा. बेस गिटारच्या पट्टीत येतो आणि प्रत्येक सूर वेगळा दिसू लागतो. वेग निम्मा किंवा पाऊण करायची सोय यूट्यूबवर आहेच. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये टेपच्या वेगामुळे पट्टी किंचित वर-खाली असते. तुमचा ट्यूनर बरोबर असूनही सूर टोचत असेल तर बेस रेकॉर्डिंगला मिळवून घ्या, ट्यूनरला नाही.

पिकने वाजवायचं की बोटांनी? पुस्तकात तर काहीच लिहिलेलं नसतं.

गाण्यानुसार. पिक म्हणजे तार छेडायचा छोटा चपटा तुकडा. येस या बँडचा ख्रिस स्क्वायर पिकने वाजवायचा, रिकनबॅकर बेसवर, आणि त्याच्या सुराची ती कडकडीत धार पिकशिवाय येत नाही. १९७१ सालचं ‘राउंडअबाउट’ बोटांनी वाजवून बघा, सूर सगळे बरोबर येतील आणि गाणं मऊ पडेल. रशचा गेडी ली बोटांनी वाजवतो, पण नखासकट, जोरात, म्हणून त्याचाही सूर चमकतो. दोघांच्याही सुरात तारांचा मोठा वाटा आहे : गोल वळणाच्या, म्हणजे राउंडवाउंड तारा, आणि त्याही ताज्या. सपाट वळणाच्या तारा लावून हे आवाज शोधत बसू नका.

सरावात दोन्ही ठेवा. मात्र एक ओळ एकाच पद्धतीने पक्की करा. पिकने शिकताना खाली-वर कुठे हे पहिल्या दिवसापासून ठरवा. विषम मात्रांत खाली-वर आलटून पालटून मारत गेलं की पहिलं आवर्तन खालच्या फटक्याने सुरू होतं आणि दुसरं वरच्या. जोर गळतो तो तिथेच. माझं मत विचाराल तर प्रत्येक गटाची सुरुवात खालच्या फटक्यानेच करावी, मग दोन खालचे फटके लागोपाठ आले तरी चालतील.

सुरुवात कोणत्या गाण्याने करू?

पिंक फ्लॉइडच्या १९७३ सालच्या ‘मनी’ने. चाल सावकाश आहे, रिफ सात मात्रांची आणि गुणगुणता येईल अशी, आणि गिटारच्या सोलोला गाणं चार मात्रांत शिरतं आणि नंतर सातात परततं. ते परतणं हाच खरा धडा. चारात सैलावलेलं अंग पुन्हा सातात आणायचं.

त्यानंतर ‘स्किझम’ घ्या. डाव्या हाताचं, तार ठोकून आणि ओढून सूर काढायचं काम त्यात भरपूर आहे. ‘राउंडअबाउट’ आणि ‘वायवायझेड’ वर्षभर तरी लांब ठेवा. ड्रीम थिएटरच्या जॉन म्यूंगच्या सहा तारांच्या ओळींकडे त्याहून नंतर. ही गाणी कठीण आहेत ती वेगामुळे कमी आणि दमामुळे जास्त. सुरुवातीपासून शेवटपर्यंत लक्ष न ढळू देता वाजवायचं, ही वेगळीच ताकद आहे आणि ती हळूहळूच येते.

गाणं पानंच्या पानं चालतं. मध्येच ‘रिफ ए वाजवा’, ‘कोडाला जा’ असं लिहिलेलं असतं. वाजवताना पानं कोण उलटणार?

कोणीच उलटू नये. (कोडा म्हणजे गाण्याचा शेवटचा, वेगळा छापलेला भाग.) पानं वाचवण्यासाठी प्रकाशक एकदा आलेली रिफ पुन्हा छापत नाहीत, मागच्या पानाकडे बोट दाखवतात. म्हणून गाणं शिकायला घेतानाच एका कोऱ्या कागदावर नकाशा काढा : कोणता भाग, किती आवर्तनं, किती मात्रांचा, पुढे काय. ‘सुरुवात, ७/४, ४ वेळा’ अशा एकेका ओळीत अख्खं गाणं एका पानात मावतं. हा नकाशा रेकॉर्डिंग ऐकत, बेस हातात न घेता तयार करायचा. तो करतानाच निम्मं गाणं पाठ होतं.

पुस्तक स्टँडवर उघडं राहत नसेल तर झेरॉक्सच्या दुकानात नेऊन त्याची पाठ कापून स्पायरल बाइंडिंग करून घ्या. चाळीशी लागलेल्यांनी चालू गाण्याची पानं स्वतःपुरती मोठ्या कागदावर काढून घ्यावीत. आकडे बारीक असतात आणि ५ चा ६ वाचला गेला की सूर अर्ध्याने चुकतो.

पुस्तकात ई च्याही खालचे सूर दिसतात. पाच तारांचा बेस घ्यावाच लागेल?

आधी गाण्याच्या पहिल्या पानावर वर काय लिहिलंय ते बघा. ‘ड्रॉप डी’ असेल तर फक्त जाडी तार एक पूर्ण सूर उतरवायची आहे. ‘स्किझम’ तसंच आहे. तसं काही नसेल तर तो सूर बेस गिटारचा नसण्याचीही शक्यता आहे. जेनेसिसचा माइक रदरफर्ड आणि गेडी ली हे दोघंही पायाने वाजवायची मूगची टॉरस पेडल वापरायचे, आणि पुस्तक लिहिणारे असे सूर कधीकधी बेसच्याच ओळीत घालतात. असे सूर एक सप्तक वर घेऊन वाजवले तरी गाणं उभं राहतं. सत्तरच्या दशकातलं बहुतेक सगळं काम चार तारांवर झालं आहे. पैसे नंतर कधी खर्च करा.

खालच्या फ्रेट्सवर बोटं पुरत नाहीत आणि मनगट दुखतं.

पूर्ण लांबीच्या बेसची तार ३४ इंचांची असते, पहिल्या चार फ्रेट्समधली अंतरं खरंच मोठी आहेत. तिथे एका फ्रेटला एक बोट हा गिटारचा नियम सोडा. पहिलं, दुसरं आणि चौथं बोट एवढंच वापरा, तिसरं करंगळीच्या आधाराला. उभ्या डबल बेसवाल्यांची ही जुनी पद्धत आहे. पाचव्या फ्रेटच्या वर गेलात की चारही बोटं मोकळी करा. पट्टा इतकाच लांब ठेवा की बसल्यावर आणि उभं राहिल्यावर बेस एकाच उंचीवर येईल. गुडघ्यापर्यंत लोंबणारा बेस फोटोत छान दिसतो, मनगटाला नाही मानवत.

दुखणं विश्रांतीनेही हटत नसेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

उन्हाळ्यात कूलर लावला की बेसचं काय होतं?

तीन गोष्टी होतात. पहिली, कूलरचा पंखा खालच्या पट्टीत घुमतो आणि छोट्या ॲम्पचा आवाज त्यात बुडतो. सूर तुटतोय का लांबतोय हे कळेनासं होतं, आणि सरावाचा गाभा तर तोच आहे. मे महिन्यात हेडफोनशिवाय पर्याय नाही.

दुसरी, ओल. कूलरच्या झोतात ठेवलेल्या बेसच्या तारा पाहता पाहता गंजतात. वाजवून झालं की सुती फडक्याने तारा वरून आणि खालून पुसा, आणि बेस बॅगेत ठेवा, भिंतीवर कूलरसमोर नको.

तिसरी, मान. एप्रिलमधली कोरडी हवा, ४५ अंशांच्या पुढचा पारा, मग कूलरची दमट खोली आणि जूनमध्ये पाऊस. लाकूड या प्रत्येक बदलाला हलतं. कोरड्यात फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेला हाताला टोचू लागतात. पावसाळा लागल्यावर तारा एकाएकी उंच वाटल्या किंवा फ्रेटवर खरखरायला लागल्या तर सराव कमी पडला असं समजू नका, मान हलली आहे. वर्षातून दोनदा, पावसाळा स्थिरावल्यावर आणि दिवाळीनंतर, जाणत्या माणसाकडून सेटअप, म्हणजे मान आणि तारांची उंची जुळवणं, करून घ्या. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली तिचा बाक जुळवणारी सळई, स्वतः फिरवायचा असेल तर एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. आणि भर दुपारी बंद गाडीत बेस ठेवून बर्डीवर खरेदीला जाऊ नका, एवढं ऐका.

ॲम्पमधून सतत घूं आवाज येतो.

आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. ई च्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो जी आहे तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे घरघर बरोबर तुमच्या कामाच्या सुरात मिसळते, तो जी वाजवला की आवाज लाटांसारखा वर-खाली होतो आणि तार बेसूर असल्याचा भास होतो. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर बेसच्या आतलं शील्डिंग तपासून घ्या. प्लग तीन पिनांचाच हवा. महाल, इतवारीकडच्या जुन्या घरांत अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्याच क्षणी प्लग काढा. तो जिवाचा प्रश्न आहे.

फ्लॅटमध्ये राहतो. खालच्या मजल्यावरचे काका तक्रार करतात.

काकांची तक्रार रास्त आहे. खालचे सूर भिंतीतून आणि स्लॅबमधून जातात, दार लावून उपयोग नाही. ॲम्प जमिनीवरून उचलून जाड फोमवर ठेवा आणि रात्री फक्त हेडफोन.

इंटरनेटवर टॅब फुकट मिळतात, मग पुस्तक विकत कशाला?

फुकटचे बहुतेक टॅब नुसते आकडे असतात, वर ताल नाही. चार मात्रांच्या गाण्यात ते चालून जातं, कारण ताल कानाला आधीच माहीत असतो. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये ताल हाच तर प्रश्न आहे. पुस्तकात सगळ्या विश्रांती, लांबी आणि मात्रांचे बदल लिहिलेले असतात, कोणीतरी तासन्‌तास कान देऊन ते काम केलेलं असतं आणि त्याचे पैसे त्याला मिळायला हवेत. स्कॅन केलेल्या चोरीच्या प्रती मागू नका, वाटू नका. नवं पुस्तक परवडत नसेल तर दोघा-तिघांनी मिळून घ्या, जुनं बघा, किंवा एकाच गाण्याचा अधिकृत डिजिटल टॅब विकत घ्या. पहिले सहा महिने एक गाणंही पुरतं.

आमचा मुलगा तासभर तोच तेवढाच तुकडा वाजवतो. काही अडलंय का?

नाही ताई, तो नीट शिकतो आहे. एका आवर्तनाचा तुकडा हळू वाजवायचा, न चुकता चार-पाचदा आला की वेग किंचित वाढवायचा, चुकला की पुन्हा खाली आणायचा, असंच हे काम चालतं. अख्खं गाणं रोज वरून खाली वाजवणारी मुलं त्याच जागी वर्षभर अडखळतात. त्याच्या दाराबाहेर उभं राहून ऐकलंत तर आठवड्याभरात तुम्हालाही तो तुकडा म्हणता येईल. एकदा त्याच्यासमोर टाळी धरा, त्याला फार बरं वाटेल.

ड्रमर नाही. एकट्याने किती दिवस वाजवायचं?

रेकॉर्डिंगसोबत वाजवून गाणं पाठ होतं, पण रेकॉर्डिंग तुम्हाला सांभाळून घेतं. तुम्ही मागे पडलात तरी ते पुढे नेतं आणि तुम्हाला वाटतं जमलं. चूक दाखवणारा जिवंत माणूस लागतो.

ड्रमर मिळत नसेल तर तबलावाला शोधा. नागपुरात प्रत्येक वस्तीत तबल्याचा क्लास आहे, आणि तिथल्या सरांना पाच अधिक सात किंवा सात-सात-सहा हे सांगितलं तर ते क्षणात हातावर धरून दाखवतात. त्यांना गाणं ऐकवा, नकाशाचा कागद समोर ठेवा आणि ठेका नको, फक्त गट आणि वजन धरा अशी विनंती करा. पहिली मात्रा भरीव हवी हे आधीच सांगा. मग ॲम्पचा आवाज तबल्याइतकाच ठेवून एकच रिफ दहा मिनिटं वाजवा. मध्ये त्यांना दोन आवर्तनं गप्प राहायला सांगा आणि तुम्ही एकटे चालत राहा. ते परत आले की पहिली मात्रा दोघांची एकत्र पडते का, ते बघा. पडत नसेल तर लय पळते आहे की रेंगाळते आहे हे सरच सांगतील, आणि त्या आठवड्यात मेट्रोनोमवर नेमकं काय करायचं ते तुम्हाला कळेल.